झुरळाची काच होत नाही!

मागच्या महिन्यात एका रविवारी बहिणीकडे उल्हासनगरला गेलो होतो. भाचा संगणकासमोर तोंड पाडून बसलेला. यंदाच बारावी झाला आहे. "काय रे, काय झालं?" म्हणून विचारले तर म्हणाला, "मामा, गेमचं नवीन अपडेट आलंय. तासभर झाला, अजून उतरतंच आहे. तोवर खेळता येत नाही." मला वाटले, असेल काहीतरी बंदुकांचा, मारामारीचा खेळ. आजकालची पोरे दुसरे काय खेळणार?

थोड्या वेळाने अपडेट उतरले, खेळ सुरू झाला आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पडद्यावर एक पडके घर. खोलीभर कचरा, भिंतींवर डाग, न्हाणीघरात काळाकुट्ट झालेला संडास. आणि आमचे चिरंजीव मन लावून तो संडास घासत होते!

तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बघ, तूच बघ आता! दादांनी पस्तीस वर्षं नगरपालिकेत झाडू मारला. आपल्या पोरांच्या हातात तो येऊ नये म्हणून तुला वकील केलं, मला शिक्षिका केलं. आणि हा बापाच्या पैशाने गेम विकत घेऊन संडास धुतोय. वर म्हणतो, इंजिनिअरिंगला जायचं नाही, आयटीआयला प्लंबर व्हायचंय. तू वकील आहेस ना? तूच काय तो निकाल दे."

दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आम्हाला कायद्याच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. म्हणून मी खुर्ची ओढली आणि भाच्याला म्हटले, "आधी मला हा खेळ समजावून सांग." त्या दुपारी जे पाहिले आणि नंतर जे वाचले, त्यावरून मला जे वाटले ते चळवळीच्या वाचकांपुढे ठेवतो. कारण हा प्रश्न फक्त माझ्या ताईच्या घरातला नाही. तो आपल्या हजारो घरांतला आहे.

हा खेळ आहे तरी काय?

या खेळाचे नाव 'हाउस फ्लिपर'. पोलंडमधल्या मंडळींनी तो बनवला आणि मे २०१८ मध्ये संगणकासाठी बाजारात आणला. 'फ्लिपर' म्हणजे पडके घर स्वस्तात विकत घेऊन, दुरुस्त करून, नफ्याने विकणारा. खेळाच्या सुरुवातीला तुमच्याकडे एक लहानसे कळकट झोपडे आणि एक लॅपटॉप असतो. लॅपटॉपवर लोकांच्या ईमेल येतात: माझे घर साफ करून द्या, भिंती रंगवून द्या, नवीन बेसिन बसवून द्या. तुम्ही जाता, कचरा भरता, फरशी पुसता, रोलरने पट्ट्यापट्ट्याने भिंत रंगवता, फरश्या लावता, संडासाचे भांडे एकेक जोड आवळून बसवता, नको असलेली भिंत हातोड्याने पाडता. पैसे साठले की स्वतः एखादे घर विकत घेता आणि नीट करून विकता. जितके काम कराल तितका हात सराईत होतो. प्लंबर, रंगारी, गवंडी, सुतार, सफाईवाला, असा सगळा मिस्त्री एकाच माणसात.

या खेळात शत्रू नाही, बंदूक नाही. तरीही तो जगभर चालला. कंपनीने त्यात भर घालत नेली: २०१९ मध्ये बागकाम, २०२१ मध्ये आलिशान घरे, २०२२ मध्ये पाळीव प्राणी आणि शेत. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. आणि हा एकटाच खेळ नाही. इंग्लंडमधल्या कंपनीचा 'पॉवरवॉश सिम्युलेटर' २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात काम एकच, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने घाण धुवून काढणे. दक्षिण आफ्रिकेतल्या मंडळींनी 'व्हिसेरा क्लीनअप डिटेल' नावाचा खेळ २०१५ मध्ये पूर्ण केला. त्यात अंतराळात परग्रहावरील राक्षसांशी मोठी लढाई झालेली असते, शूरवीर जिंकून निघून गेलेला असतो, आणि तुम्ही असता झाडूवाले! रक्त, मांस, काडतुसे साफ करायची. बादलीतले पाणी घाण झाले असेल तर पोछा मारून घाण कमी होत नाही, उलट पसरते. आपल्याच बुटांचे रक्ताळलेले ठसे पुन्हा पुसावे लागतात. ज्याने कुणी आयुष्यात फरशी पुसली आहे त्याला हे पटेल. नायकाची कथा सगळे सांगतात. नायक गेल्यावर मागचे आवरणाऱ्याची कथा सांगणारा खेळ कुणाला तरी सुचला, याचे मला बरे वाटले.

खेळाची साक्ष

आता वकिलाच्या भाषेत बोलतो. हा खेळ मी साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा केला आणि पहिला प्रश्न विचारला: साफसफाईचे, दुरुस्तीचे काम मुळातच हलके असते का?

साक्षीदार म्हणतो, नाही. तसे असते तर लाखो लोकांनी पदरचे पैसे मोडून, सुट्टीच्या दिवशी, कुणी सांगितलेले नसताना ते केले नसते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 'पॉवरवॉश सिम्युलेटर' खेळणाऱ्या आठ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास करून २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. खेळता खेळता त्यांना आपली मनःस्थिती नोंदवायला सांगितली होती. सुमारे ७२ टक्के खेळाडूंना खेळताना बरे वाटत असावे, असा त्यांचा अंदाज निघाला. तेही खेळ सुरू केल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांतच. घाणेरडी वस्तू आपल्या हाताखाली स्वच्छ होताना पाहणे माणसाला आवडते. मोडलेले जोडणे आवडते. हे कुठल्या जातीला नव्हे, माणसाला आवडते.

मग ज्या देशात हा खेळ लाखोंना आवडू शकतो, तिथे तेच काम करणाऱ्या माणसाची सावली का नको होते? उत्तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच देऊन ठेवले आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या त्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांची वाटणी आहे, आणि त्या वाटणीत माणसे एकावर एक रचलेली आहेत. माणसाची आवड, त्याची कुवत यांना तिथे जागा नाही. जन्माआधीच काम ठरलेले. म्हणजे घाण कामात नाही, घाण त्या रचनेत आहे. पोलंडच्या पोरांनी हा ग्रंथ वाचला असेल असे मला वाटत नाही. पण त्यांचा खेळ नकळत बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देतो. खेळात काम देणारा ईमेल पाठवतो, आडनाव विचारत नाही. चहाचा कप वेगळा ठेवत नाही. आमच्या दादांचा कप टपरीवर वेगळा असे, खिळ्याला टांगलेला. त्यांनी तो शेवटी फोडला आणि तिथे चहा पिणेच सोडले.

पोलंडचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात आला आणि तिथले कारागीर पश्चिमेकडे कामाला जाऊ लागले. २००५ मध्ये फ्रान्समध्ये युरोपीय राज्यघटनेवर सार्वमत होते. विरोधकांनी 'पोलिश प्लंबर' नावाचे बुजगावणे उभे केले. तो येईल, स्वस्तात नळ दुरुस्त करील आणि तुमच्या तोंडचा घास काढील! एका देशाच्या माणसांना एका कामाचे नाव चिकटवून हिणवण्याचा हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. पण पोलंडच्या पर्यटन खात्याने काय केले? एका देखण्या तरुणाला प्लंबरच्या वेषात, हातात अवजारे देऊन उभे केले आणि त्याची जाहिरात फ्रेंचांपुढे ठेवली. मी तर इथेच राहतोय, तुम्हीच आमच्याकडे या, असे तो हसत सांगत होता. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यांनी छातीवर बिल्ल्यासारखा लावला. त्याच देशातून तेरा वर्षांनी मिस्त्रीकामाचा खेळ आला आणि ज्यांच्या घरी नळ दुरुस्तीला माणूस बोलवावा लागतो, तेही तो पैसे देऊन खेळू लागले.

इथपर्यंत ताईची बाजू पडते आहे आणि भाच्याची जिंकते आहे असे वाटेल. पण थांबा. सरतपासणी झाली. उलटतपासणी अजून बाकी आहे.

उलटतपासणी

खेळ चालू असताना भाच्याने मला एक गंमत दाखवली. 'हाउस फ्लिपर'मधल्या काही घरांत झुरळे असतात. ती यंत्राने ओढून घ्यायची. काही खेळाडूंना झुरळांची शिसारी येते. म्हणून कंपनीने सेटिंगमध्ये एक सोय दिली. तिथे खूण केली की झुरळांच्या जागी फुटलेल्या काचा दिसतात. काम तेवढेच, पैसे तेवढेच, फक्त किळस गायब. "मस्त आहे ना, मामा?" भाचा म्हणाला.

मस्त आहे. पण मला दादा आठवले. त्यांच्या कामात अशी सेटिंग नव्हती. उल्हासनगरच्या पोराला एका बटणावर झुरळाची काच करता येते. त्याच्या आजोबांना पावसाळ्यात तुंबलेल्या गटारात हात घातल्यावर काच लागायची ती खरी, आणि झुरळेही खरी. जखम चिघळायची. घरी आल्यावर आई त्यांना मोरीबाहेरच अंघोळीचे पाणी द्यायची. जेवताना ते चमच्याने जेवायचे. आम्हाला वाटायचे, साहेबी सवय आहे. खूप उशिरा कळले की त्यांना स्वतःच्या हाताचा वास सहन होत नव्हता.

साक्षीदाराला मी विचारतो: तुझ्या खेळात वास आहे का? नाही. कंबर दुखते का? नाही. चूक झाली तर? जुन्या जागेवरून पुन्हा सुरू करता येते. कंटाळा आला तर? बंद करता येते. तुझ्या खेळातला मिस्त्री मरतो का? छे!

आमच्याकडे मरतो. गटारात आणि सेप्टिक टाकीत सडणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला. आणि पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. म्हणूनच वर्तमानपत्रात अशा बातम्या एकाच्या मृत्यूच्या क्वचित येतात, दोघांच्या, तिघांच्या येतात. तिथे जुन्या जागेवरून पुन्हा सुरुवात नसते.

आणखी एक प्रश्न, आणि मला वाटते हाच खरा कळीचा. खेळात घर कुणाचे असते? ज्याने पुसले, रंगवले, संडास बसवला, त्यानेच ते विकत घेतलेले असते आणि विकल्यावर नफाही त्याचाच. पोछा ज्याच्या हाती, किल्लीही त्याच्याच हाती. सगळी गोडी यात आहे! घासण्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर आपल्याच घराची किंमत वाढते आहे, हे खेळणाऱ्याला ठाऊक असते. खऱ्या जगात पोछा एकाच्या हाती आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. इमारत चकाचक झाली की भाव वाढतो तो मालकाचा. पुसणाऱ्याने त्या इमारतीची लिफ्टसुद्धा वापरायची नसते.

म्हणजे या खेळाने कामाबरोबर काही गोष्टी गुपचूप देऊन टाकल्या आहेत: काम निवडण्याचे स्वातंत्र्य, चांगली अवजारे, केलेल्या कामाचा पूर्ण मोबदला, आणि नको वाटेल तेव्हा सोडून जाण्याची मुभा. या असल्या की संडास घासणेही खेळ होतो. या काढून घ्या, तेच काम गुलामी होते. फरक पोछ्यात नाही.

म्हणूनच सावध राहायला हवे. उद्या कुणी उठून म्हणेल, बघा, साहेब लोकही आनंदाने संडास धुतात, मग सफाई कामगारांनी कुरकुर का करावी? त्यांनीही आपले काम सेवा समजून, आनंदाने करावे. हा युक्तिवाद जुनाच आहे. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणाऱ्या गांधीजींच्या भूमिकेवर बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कडाडून टीका केली, ती याचसाठी. ज्याला काम सोडता येत नाही, त्याला त्या कामाचा अभिमान बाळगायला सांगणे ही त्याची थट्टा आहे. दारिद्र्य ज्याने पत्करले त्याने त्याचे गोडवे गावेत, ज्याच्यावर लादले त्याला ते ऐकवू नयेत.

कायद्याचीही अपडेट येतात

भाच्याने अपडेटचा अर्थ सांगितला: जुन्या चुका दुरुस्त केल्या, नवीन सोयी घातल्या. मी म्हटले, मग आमच्या कायद्याचीही अपडेट येतात की!

पहिले आले १९९३ मध्ये. हाताने मैला उचलायला लावणे आणि कोरडे संडास बांधणे यांवर बंदी. कागदावर चूक दुरुस्त झाली, रस्त्यावर चालूच राहिली. दुसरे आले २०१३ मध्ये: हाताने मैला उचलणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम. तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. त्याच्या कलम ७ प्रमाणे कुठलीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी कोणालाही गटाराच्या वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी लावू शकत नाही. लावल्यास कलम ९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल दिला की, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही भरपाई तीस लाख झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला.

वाचायला किती छान! पण वकील म्हणून सांगतो, या अपडेटमध्येही झुरळाची काच करणारी एक सेटिंग आहे. २०१३ च्या कायद्यात 'हाताने मैला उचलणारा' कोण याची व्याख्या दिली आहे. तिच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, केंद्र सरकारने ठरवलेली उपकरणे आणि संरक्षक साधने वापरून जो काम करतो, तो या व्याख्येत बसत नाही. म्हणजे हातमोजे दिले की माणूस कागदावरून गायब! काम तेच, मैला तोच, फक्त शब्द बदलला. अपघात झाला की कंत्राटदार मोज्यांच्या जोडीची पावती दाखवतो. तो माणूस आमचा नव्हताच, स्वतःहून उतरला, असे म्हणतो. पोलीस अपघाती मृत्यूची नोंद करतात आणि कलम ७, कलम ९ ची आठवण करून द्यायला मयताच्या भावाला वकील शोधत फिरावे लागते. अशा भावांपैकी काही माझ्याकडे आले आहेत. भरपाईचा अर्ज लिहून देणे सोपे असते. "साहेब, त्याच्या अंगात हातमोजे नव्हतेच, मी स्वतः धुतलं त्याला," हे वाक्य ऐकणे सोपे नसते.

निकाल

आता ताईला दिलेला निकाल.

ताई, तू चुकली नाहीस. दादांच्या पिढीने झाडू टाकला तो आळसाने नव्हे, स्वाभिमानाने. गावकीची कामे सोडा, मेलेली ढोरे ओढू नका, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि आपल्या माणसांनी उपासमार सोसून ते पाळले. त्यांच्या त्यागावर आपण उभे आहोत. जे काम जन्माने गळ्यात अडकवले जाते ते टाकणे हाच धर्म होता आणि आजही आहे. पण टाकायची होती ती सक्ती. नळ, पाना, करवत, रंधा यांच्याशी आपले भांडण नव्हते.

उलट बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री झाले आणि त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या सोयींची मागणी केली. आपली मुले फक्त कारकून व्हावीत असे त्यांना वाटत नव्हते. यंत्र, हत्यार, तंत्र ज्याच्या हाती त्याच्याच हाती उद्याचे जग, हे त्यांना दिसत होते. आपण मात्र पुढे काय केले? साहेब झाला तोच मोठा, बाकी सगळे मागे राहिले, असे ठरवून टाकले. वस्तीतल्या जयंतीच्या व्यासपीठावर अधिकारी, प्राध्यापक, वकील बसवतो. मंडपाची वीज जोडणारा आपलाच वायरमन खाली उभा असतो. त्याचे नाव पत्रिकेत नसते. ही उतरंड आपण कुणाकडून शिकलो, हे मी सांगायला नको.

आणि बाळा, तूही ऐक. तुझा खेळ वाईट नाही. पण त्याने तुला अर्धीच गोष्ट सांगितली आहे. काम आवडणे ही चांगली सुरुवात आहे. आयटीआयला जा, खुशाल प्लंबर हो. पण नीट शिकून, प्रमाणपत्र घेऊन, स्वतःची अवजारे घेऊन, आपल्या कामाचा दर आपण ठरवून. जमेल तेव्हा किल्ली आपल्या खिशात येईल असे बघ. चार पोरांना घेऊन स्वतःची कंपनी काढ. कुणी म्हणाले, प्लंबरच आहेस ना, जरा टाकीत उतरून बघ, तर कलम ७ तोंडपाठ असू दे. आणि तुझ्या हाताखाली उद्या कुणी आला, तर त्यालाही उतरवू नकोस. स्वतः वर आलेल्याने खालच्याला ढकलले तर आपण काय मिळवले?

पडद्यावर बसून घाण काढायची हौसच असेल, तर आपल्याच देशात त्याची खरी सोय झाली आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्स या तरुणांच्या कंपनीने 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव बनवला. २०१८ मध्ये तो कामाला लागला. यंत्राचे हातपाय मॅनहोलमध्ये उतरतात, कॅमेरा आत असतो आणि माणूस वर उभा राहून पडद्यावर बघत ते चालवतो. अगदी तुझ्या खेळासारखे! जे आधी गटारात उतरत होते, त्यातल्याच कामगारांना हे यंत्र चालवायला शिकवलेही गेले. खरे अपडेट म्हणायचे तर हे. पण लक्षात ठेवा, यंत्र आले म्हणजे न्याय आला असे नाही. पडद्यासमोर कोण बसणार, हा प्रश्न उरतोच. गटारात उतरायला आपला माणूस आणि बटण दाबायला दुसरा, असे झाले तर पिढ्यान्पिढ्या गटार उपसणारा एका फटक्यात बेकार होईल. म्हणून महापालिकांकडे आपली मागणी दोन्ही हवी: यंत्र आणा, आणि ते चालवण्याची नोकरी, प्रशिक्षणासह, कायमस्वरूपी, त्याच कामगाराला द्या. कंत्राटदाराच्या यादीतून नव्हे.

ताईने निकाल ऐकला. लगेच मान्य केला असे नाही. "अपील करीन," म्हणाली. तो तिचा हक्कच आहे. भाच्याने मात्र माझ्यासमोर सेटिंग उघडली आणि काचांची पुन्हा झुरळे केली. मी विचारले, "का रे?" तर म्हणाला, "आजोबांना कुठे सोय होती, मामा?"

उठताना मी त्याला एवढेच म्हटले की, किळस सोसणे हा काही मोठेपणा नाही. कुणालाच ती सोसायला लागू नये, असे काहीतरी कर.

जयभीम!